आमवातासोबत जगताना आपल्यासारख्यांचा गट: बेळगाव-खानापूर भागात नव्यानं निदान झालेल्यांसाठी

वडगावात माझं शिवणकाम होतं. ब्लाउज, परकर, साड्यांना फॉल. २०१६च्या थंडीत एका सकाळी सुईत दोरा ओवता येईना. बोटं रात्रभर कुणी दोरीनं आवळून ठेवल्यासारखी ताठ. अकरा वाजेपर्यंत मूठ मिटायची नाही. थंडी असेल, पाण्यातलं काम जास्त झालं असेल, वय झालं असेल, अशी कारणं देत मी जवळजवळ दोन वर्षं काढली. शेवटी मिरजेला जाऊन तपासण्या केल्या तेव्हा कळलं की हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस.

डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या. पण भाकरी कशी थापायची, घरात काय सांगायचं, गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळतं ते सगळ्यांनाच होतं का, हे विचारायला माणूस नव्हतं. ते माणूस मला ओपीडीच्या बाकावर भेटलं. खानापूर तालुक्यातून आलेल्या एक मावशी शेजारी बसल्या होत्या. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला धडपडत होते. त्यांनी बाटली घेतली, झाकणावर तळहात दाबला आणि कोपरापासून हात फिरवला. झाकण निघालं. "बोटं वापरायची न्हाईत आता," एवढंच म्हणाल्या.

आमचा गट त्या बाकावर सुरू झाला. आज महिन्यातून एकदा आम्ही दहा-बाराजण जमतो. तुमचं निदान नुकतंच झालं असेल तर माझी दोन वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं आमवाताची आहेत, पण मधुमेह, किडनी, दमा, पार्किन्सन्स असलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

## १. आधी आपला आजार कोणता ते कागदावर घ्या

आपल्याकडे 'वात' हे मोठं गाठोडं आहे. गुडघ्याची झीज वात, युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजला तरी वात, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने राहिलेली सांधेदुखीही वात. २००६ची चिकुनगुन्याची साथ ज्यांनी पाहिली त्यांना ते दुखणं चांगलं आठवत असेल.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. झिजेत सांध्यातली कूर्चा घासली जाते. झिजेचा सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो, आमवाताचा तास-तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. औषधं तर पूर्ण वेगळी. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "माझ्या आजाराचं नाव लिहून द्या." ते नाव माहीत नसताना गटात गेलात, तर दुसऱ्याचा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे की नाही हे तुम्हाला ठरवता येणार नाही.

## २. गट कुठे शोधायचा

ही कल्पना नवी नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दारूच्या आहारी गेलेली दोन माणसं एकमेकांशी बोलू लागली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. भारतात हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्यांनी १९८३ मध्ये आपला महासंघ काढला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तुमच्या आजाराची अशी संस्था असेल तर आधी तिथे फोन करा आणि बेळगाव, हुबळी, कोल्हापूर किंवा मिरजेत कुणी संपर्कात आहे का ते विचारा.

नसेल तर तीन ठिकाणी विचारा. एक, तुमचे तज्ज्ञ डॉक्टर आणि त्यांच्या बाहेरच्या टेबलावरच्या सिस्टर. कोण किती वर्षं येतंय हे त्यांना पाठ असतं. दोन, फिजिओथेरपिस्ट. तीन, तुमच्या भागातली आशाताई. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाचा नंबर देणार नाहीत आणि देऊही नये. तुमचा नंबर लिहून ठेवा आणि सांगा, "कुणाला बोलायचं असेल तर माझा नंबर द्या."

एक गोष्ट आधीच स्पष्ट करा. आपल्या भागात 'गट' किंवा 'संघ' म्हटलं की बायकांना हप्ता आठवतो. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या तिघींनी पहिला प्रश्न विचारला तो "किती कर्ज मिळतंय?" हा. इथे पैसे घेत नाही, देत नाही, जामीन राहत नाही, हे बोलावतानाच सांगा.

## ३. पहिल्या दिवशी काय न्यायचं

- निदानाचा कागद आणि आत्ता चालू असलेली चिठ्ठी. फाइल घरी राहू दे, फोनमध्ये फोटो पुरे.
- गोळ्यांची नावं, आणि कोणती कोणत्या वारी घेता ते. नावं वाचता येत नसतील तर रिकामी पाकिटं आणा.
- शेवटच्या रक्त तपासण्यांच्या तारखा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, ईएसआर किंवा सीआरपी (अंगातली सूज किती ते दाखवणाऱ्या). आकडे कुणाला दाखवायचेच असं नाही, पण तपासणी राहून गेली असेल तर ती इथे लक्षात येते.
- एक लहान वही.
- घरातल्या एका माणसाचा नंबर.
- बसनं येणार असाल तर आधार कार्ड. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी गाड्यांमधून मोफत प्रवास आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला ही सवलत नाही, म्हणून कोल्हापूर-मिरजेच्या तिकिटाचे पैसे वेगळे धरा.

रेशन कार्ड, बँक पासबुक आणू नका. कुणी मागितलं तर का, ते विचारा.

## ४. पहिल्या बैठकीत कसं वागायचं

ऐका. पहिल्या दिवशी नाव आणि गाव सांगितलं तरी पुरे. मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलायला लागले आणि रडूच आलं. कुणी "रडू नको" म्हणालं नाही, कुणी पाठही थोपटली नाही. समोरच्या काकांनी पाण्याचा तांब्या सरकवला आणि सगळे थांबले. असा गट मिळाला तर सोडू नका.

दुसऱ्यांदा जाताना एक नेमका प्रश्न घेऊन जा. "माझं कसं होणार?" याला कुणाकडेच उत्तर नसतं. "ओला टॉवेल पिळता येत नाही, तुम्ही काय करता?" याला पाच उत्तरं येतात. आम्हाला मिळालेलं उत्तर: नळाभोवती टॉवेल घालून दोन्ही टोकं एकत्र धरायची आणि एकाच दिशेनं फिरवायची.

## ५. गटात नेमकं काय मिळतं

इथे जरा सविस्तर सांगते, कारण घरचे विचारतात, "गप्पा मारून दुखणं बरं होतं का?"

दुखणं बरं होत नाही. पण स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी सांधेदुखीच्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, आणि शिकवणारे डॉक्टर नसून प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, त्यातली पुष्कळशी स्वतः रुग्ण. १९९३ साली त्यांनी चार वर्षांनंतरचे निकाल छापले. त्या लोकांचं दुखणं सरासरी २० टक्क्यांनी कमी झालं होतं, डॉक्टरकडच्या खेपा ४० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि त्याच काळात त्यांचं शारीरिक अपंगत्व ९ टक्क्यांनी वाढलं होतं.

हे मी दोनदा वाचलं. सांधे जास्त बिघडले आणि दुखणं कमी झालं! त्यांनी कारण शोधलं तेव्हा व्यायाम किती केला यापेक्षा 'मला हे जमेल' हा भरवसा वाढला की नाही, याच्याशी सुधारणेचा जास्त संबंध दिसला. पुढे याच धर्तीवर सगळ्या जुनाट आजारांसाठी एक कार्यक्रम त्यांनी तयार केला आणि १९९९ मध्ये ९५२ रुग्णांवरचा अभ्यास छापला. सहा महिन्यांनी त्या लोकांचा थकवा कमी होता, व्यायाम वाढला होता आणि दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण कमी होतं.

भरवसा उपदेशानं येत नाही. आपल्यासारखीच वाकडी झालेली बोटं असलेली बाई रोज चार भाकऱ्या करते हे डोळ्यांनी पाहिलं की येतो. आमच्यातल्या एका काकूंनी थापायचं सोडून दिलं आणि प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पीठ ठेवून ताटानं दाबायला सुरुवात केली. दुसऱ्या एकींनी कालथ्याच्या मुठीला जुनं कापड गुंडाळून ती जाड केली. निपाणीच्या बाजूला विडीकाम केलेल्या एक आक्का सकाळी आधी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात ठेवून बसतात, मगच चूल. कुठल्याही चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं.

त्या कार्यक्रमातलं एक साधन आम्ही जसंच्या तसं घेतलं आहे. बैठकीच्या शेवटी प्रत्येकजण पुढच्या आठवड्यासाठी एकच काम ठरवतो: काय करणार, किती, दिवसाच्या कुठल्या वेळी, आठवड्यातून किती दिवस. मग स्वतःला विचारायचं, दहापैकी किती खात्री आहे? सातच्या खाली आली तर काम लहान करायचं. "रोज फिरायला जाईन" असं नाही. "सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येईन" असं. पुढच्या वेळी जमलं की नाही ते सांगायचं. नाही जमलं तर ओरडा नाही, अडलं कुठे एवढं बघायचं.

## ६. इथे हमखास फसतात

गोळीची देवाणघेवाण. आमवातात पुष्कळांना मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी कमी होतात, तोंड सोलवटतं, जीवावर बेततं. नव्या माणसाला आमच्या गटात सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारतात, "तुमचा मेथोचा वार कोणता?" भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या वारांना लाल गोल करा. फॉलिक अ‍ॅसिडचा वार डॉक्टरांनी सांगितलेलाच पाळा, ती मेथोसोबत देतात ती वेगळी गोळी. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलींनी ते डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. दुसऱ्याची गोळी लागू पडली म्हणून तिचा डोस आपण घ्यायचा नाही, आणि आपला कुणाला सांगायचा नाही.

पुडी. जत्रेत, बाजारात, ओळखीच्या ओळखीतून 'सात दिवसांत वात गायब' करणारी पूड मिळते. दोन दिवसांत खरंच बरं वाटतं, आणि तिथेच संशय घ्यायचा, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मी स्वतः चार महिने अशी पुडी घेतली आहे. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि मनानं एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड हळूहळूच उतरवावं लागतं.

विकायला आलेला सदस्य. कुणीतरी ज्यूस, गादी, चुंबकाचा पट्टा घेऊन येतंच. आमचा नियम एका ओळीचा आहे: गटात विक्री नाही, पहिल्या वेळी सांगायचं, दुसऱ्या वेळी बोलावायचं नाही.

बाहेर गेलेली गोष्ट. मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपली गावं लहान, सोयरिकी आतल्या आत. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या आजाराची बातमी कुणाच्या तरी तोंडून तिच्या होणाऱ्या सासरी पोचली आणि ठरलेलं लग्न मोडलं. ती मुलगी परत आली नाही. तेव्हापासून प्रत्येक बैठक सुरू होताना मोठ्यानं म्हणतो, "इथलं बोलणं इथेच." वाटेत भेट झाली तर कुठून ओळख, हेही सांगायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या रिपोर्टचा फोटो टाकायचा नाही, स्वतःचा टाकला तरी नाव झाकून.

तुलना. "माझ्याहून तुझं बरं आहे" हे वाक्य आम्ही बंद केलं आहे.

## ७. गट नसेल तर तिघांपासून सुरू करा

पंधरा माणसं जमायची वाट बघू नका. तीन पुरेत.

वेळ. आमवात असलेल्यांना सकाळी नऊला बोलावू नका, हात-पाय सुटायला अकरा वाजतात. आठवडी बाजाराचा वार धरलात तर खेड्यातल्या बायका तशाही शहरात आलेल्या असतात. आम्ही महिन्यातून एकदा, सव्वाबारा ते पावणेदोन बसतो. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि रोप लावणीची घाई यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कुणी येत नाही. ते दोन महिने फोनवर बोलतो, प्रत्येकानं दोघांना फोन करायचा.

जागा. तळमजला. पायरी असलीच तर कठडा हवा. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, पण सतरंजीवर बसलेल्या गुडघ्यांना उठताना काय होतं ते विचारू नका. खुर्च्या असल्या तरच घ्या. खुर्चीसारख्या बैठकीचा संडास जवळ असावा. वाचनालयाची खोली किंवा गणेश मंडळाचा हॉल विचारून बघा. कुणाच्या घरी शक्यतो नको, त्या घरच्या बाईवर चहाचा भार पडतो.

भाषा. आमच्यात चौघी कानडी बोलणाऱ्या आहेत. बैठक मराठीत चालते, एकजण शेजारी बसून कानडीत सांगते. दुखणं दोन्ही भाषांत सारखंच आहे. शिवाय सरकारी फॉर्म कानडीत येतात, तेव्हा त्याच आमचा आधार असतात. मिरज-कोल्हापूरच्या कागदांसाठी त्यांना आम्ही. निरोप लिहून न पाठवता बोलून रेकॉर्ड करून पाठवतो, कारण काहींना वाचता येत नाही आणि काहींची बोटं टाईप करू देत नाहीत.

चालवणारा. दोघं ठेवा. एकाचं दुखणं उसळलं तर दुसरा बैठक घेतो. दर सहा महिन्यांनी बदला. वर्षातून दोनदा एखाद्या डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला बोलवा आणि प्रश्न आधी लिहून त्यांच्याकडे पाठवा.

घरची माणसं. नवरा, सून, मुलगी यांना दर वेळी नको, त्यांच्यासमोर आपण मोकळं बोलत नाही. तीन महिन्यांतून एकदा फक्त त्यांची बैठक ठेवा. आमच्या एका काकांनी तिथे पहिल्यांदा विचारलं, "ती रात्री कण्हते तेव्हा मी काय करू?" घरी हा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नव्हता.

## ८. कार्डं आणि योजना

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असाल तर ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. ते न घेता थेट खाजगीत गेलेले परत आलेत. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. पलीकडे जाणार असाल तर त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला फोन करून आपलं गाव, आपला आजार आणि लागणारे कागद विचारूनच निघा.

या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात धरू नका. त्यासाठी जनऔषधी केंद्रात चिठ्ठीतल्या औषधाचं मूळ नाव सांगून विचारा. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

## ९. गटाला न विचारता दवाखाना गाठायचा तो कधी

मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप, कोरडा खोकला आणि धाप, तोंडात फोड, डोळे पिवळे, काळी शी, अंगावर न लागता उठलेले काळेनिळे डाग: यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप असेल तर त्याच दिवशी जायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (आमवाताची आणखी एक गोळी) चालू असेल तर डोळ्यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा, दिसतंय चांगलं म्हणून टाळू नका.

आणि जगणं नको वाटायला लागलं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो. गटातल्या कुणी असं बोललं तर ते ऐकून घरी जाऊ नका. त्यांच्याजवळ थांबा, घरच्या माणसाला बोलवा. वहीत घरच्यांचा नंबर घ्यायला सांगितला तो यासाठी.

## १०. पहिली चिठ्ठी

आम्ही मराठी आणि कानडीत हातानं लिहून दवाखान्याच्या परवानगीनं बाकासमोर लावली होती. मजकूर हवा तर तसाच घ्या:

"सकाळी हात उघडत नाहीत का? आमचेही नाहीत. आमवात असलेले आम्ही काहीजण महिन्यातून एकदा भेटतो. फी नाही, कर्ज नाही, औषध विकत नाही. तळमजला आहे, खुर्च्या आहेत. बोलायलाच हवं असं नाही. दुपारी साडेतीननंतर फोन करा, मावशी किंवा मी उचलू."

खाली नंबर, मोठ्या आकड्यांत. पहिला फोन सतराव्या दिवशी आला.